बोरीच्या आसऱ्याचे फुलपाखरू

महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ‘नीलवंत’ आहे, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. २०१५ साली त्याला तो मान मिळाला. मात्र त्याचे खरे घर सह्याद्रीच्या ओल्या रानात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले रान निराळे आहे. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मुरमाड माळ, गुडघाभर गवत आणि त्यात विखुरलेल्या बोरी, बाभळी, हिवर. इथे एका झाडाचा शेंडा दुसऱ्याला टेकत नाही. महसुली दप्तरात अशा जमिनीला ‘पडीक’ किंवा ‘पोटखराबा’ म्हणतात. ती रिकामी नाही, हे सांगणारे एक चिमुकले फुलपाखरू या लेखाचा विषय आहे.

इंग्रजीत त्याला ‘कॉमन पियरो’ म्हणतात; शास्त्रीय नाव कॅस्टॅलियस रोझिमॉन. लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने १७७५ साली त्याचे प्रथम वर्णन केले. पियरो हे फ्रेंच मूकनाट्यातले पात्र. पांढरा घोळदार अंगरखा आणि त्यावर मोठाली काळी बटणे, असा त्याचा वेश. फुलपाखराचा वेशही तसाच. पंख पसरून जेमतेम तीन सेंटीमीटर. मिटलेले पंख पांढरेशुभ्र, त्यांवर ठळक काळे ठिपके. मागच्या पंखाला दोऱ्याएवढी बारीक शेपटी. पंख उघडले की काळी किनार दिसते आणि अंगालगत निळसर झाक चमकते. मादीची किनार नरापेक्षा रुंद असते. त्याचे उडणे संथ आणि जमिनीलगत. सकाळी ते पंख अर्धवट उघडून उन्हाला बसते. पाऊस उघडल्यावर ओल्या मातीवर नरांचे थवे क्षार शोषताना दिसतात.

त्याच्या आयुष्याची गाठ बोरीशी बांधलेली आहे. गावबोर, घटबोर आणि घाटाकडची तोरण ही एकाच कुळातली झाडे त्याच्या अळीचे अन्न. मादी कोवळी पालवी शोधते आणि एकेक चपटे, जाळीदार नक्षीचे अंडे घालते. अळी हिरवी, चपटी, गोगलगायीसारखी. पाठीवर पिवळ्या रेघा. ती पानाचा हिरवा गर खरवडून खाते आणि मागे फिकट पट्टी ठेवते. अशा पट्ट्या दिसल्या की पान उलटून पाहावे. अळी न दिसली, तर मुंग्या शोधाव्यात.

मुंग्या कशासाठी? या अळीच्या पाठीवर शेपटाकडे एक ग्रंथी असते. तिच्यातून गोड द्राव पाझरतो. त्यासाठी मुंग्या अळीभोवती राहतात आणि त्यांच्या वावरामुळे अळीत अंडी घालणाऱ्या गांधीलवर्गी कीटकांना वचक बसतो. म्हणजे हे राखणीचे वेतन आहे. पुढे अळी झाडावरच कोष करते आणि त्यातून नवे फुलपाखरू बाहेर येते. पावसाळ्यात पालवी भरपूर असल्याने एकामागून एक पिढ्या होतात. म्हणून दिवाळीच्या सुमारास ते माळावर सहज भेटते.

कोणती अळी काय खाते, हे आपल्याकडे सांगितले कुणी? मुख्यतः तीन हौशी माणसांनी. डेव्हिडसन सनदी अधिकारी, एटकेन मीठ-जकात खात्यात, बेल जंगल खात्यात. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कारवारकडे त्यांनी घरात अळ्या वाढवल्या आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९६ पासून त्याचे तपशील छापले. त्यासाठी पाने, डबे आणि चिकाटी एवढेच लागले. आजही तेवढेच लागते.

आता प्रश्न बोरीचा. १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा आला आणि त्याच्या काठाने ऊस पसरला. त्याने या भागाचे दारिद्र्य हटवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बोर टिकली ती बांधावर आणि माळावर. पूर्वी शेतकरी कुंपणाच्या काट्यांसाठी तिला तोडत. त्याने नुकसान होत नसे. खोड राहिले की पुन्हा धुमारे फुटतात, आणि मादीला हवी असते ती हीच कोवळी पालवी. यंत्राने बांध सपाट करून मुळासकट काढलेली बोर मात्र परत येत नाही. माळावर खड्डे घेऊन परकी झाडे लावल्यानेही ही भरपाई होत नाही. ग्लिरिसिडियाचे पान या अळीच्या उपयोगाचे नाही.

सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी राखले गेले. इंदापुरातल्या कडबनवाडीचे गवताळ रानही लोक आता ओळखू लागले आहेत. चिंकाऱ्याला मोकळा माळ लागतो. या फुलपाखराला बांधावरची एक बोरही पुष्कळ होते. एवढी राखणे एकट्या शेतकऱ्यालाही जमण्यासारखे आहे.

दिवाळी सरली की तुळशीचे लग्न येते. वृंदावनात ऊस उभा करतात आणि त्याच्या बुडाशी चिंचा-आवळ्यांबरोबर नवी बोरे ठेवतात. तिथे दोघांना जागा असते. शिवारातही ती असावी.