वेसाव्याच्या धक्क्यावरची मोजणी

विज्ञानाची सामायिक माहिती-व्यवस्था म्हटले की संगणकांची दालने, सर्व्हर आणि वेगवान जोडण्या एवढेच चित्र सहसा उभे केले जाते. परंतु ज्या नोंदीवर ही सारी व्यवस्था उभी असते, ती नोंद प्रत्यक्षात कशी जन्माला येते हे पाहायचे असेल, तर मालाड खाडीच्या मुखाशी वसलेल्या वर्सोव्याच्या, म्हणजे कोळ्यांच्या वेसाव्याच्या, धक्क्याइतकी योग्य जागा मुंबईत क्वचितच सापडेल. 1961 साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था याच वर्सोव्यात आहे, आणि कोचीला मुख्यालय असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबई केंद्रही येथेच आहे. ही दुसरी संस्था 1950 पासून देशाच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सागरी मासळीचे अंदाज बांधत आली असून, इतकी दीर्घ आणि सलग मालिका जगातील फार थोड्या उष्णकटिबंधीय देशांपाशी आहे.

देशाच्या किनाऱ्यावर मासळी उतरविण्याची केंद्रे हजाराहून अधिक असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक दिवशी, प्रत्येक होडी मोजणे अशक्य आहे, म्हणून नमुना पाहणीची पद्धत वापरली जाते. किनाऱ्याचे विभाग आणि महिन्याचे दहा-दहा दिवसांचे गट पाडले जातात. महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांतून एक दिवस यादृच्छिक रीतीने, म्हणजे कोणाच्याही पसंतीवर न सोडता, निवडला जातो, तेथून पुढे सलग दोन-दोन दिवसांच्या तीन जोड्या धरल्या जातात आणि उरलेल्या दोन गटांत त्याच जोड्या दहा-दहा दिवसांच्या अंतराने घेतल्या जातात. जोडीतील पहिल्या दिवशी सर्वेक्षक दुपारी बारापासून सायंकाळी सहापर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून बारापर्यंत केंद्रावर हजर राहतो, तर मधल्या रात्री काय उतरले ते चौकशी करून लिहून घेतो. होड्या पंधरापर्यंत असतील तर सगळ्या पाहिल्या जातात, आणि संख्या वाढेल तसे प्रमाण बदलत जाऊन चाळीस ते एकोणपन्नास होड्यांमागे दर चौथी व पन्नासच्या पुढे दर पाचवी होडी तपासली जाते.

दिवस यादृच्छिक का निवडायचा, याचे उत्तर वेसाव्याच्या मासेमारीतच आहे. येथील डोल हे पिशवीसारखे जाळे समुद्रात एका जागी रोवून ठेवलेले असते आणि भरती-ओहोटीचा प्रवाह त्यात मासळी आणून सोडतो. त्यामुळे उधाणाच्या दिवसांत जाळ्यात येणारी मासळी आणि भांगाच्या, म्हणजे मंद प्रवाहाच्या, दिवसांतली मासळी यांत मोठी तफावत पडते. सर्वेक्षकाने गर्दीचा दिवस बघून यायचे ठरवले असते, तर अंदाज उधाणाचाच झाला असता.

धक्क्यावर प्रत्यक्ष जे घडते ते मात्र कोष्टकाइतके सरळ नसते. होडी लागताच बोंबील, मांदेली, जवळा, करंदी, वाकटी अशी मासळी निवडून टोपल्यांत आणि क्रेटमध्ये भरली जाऊ लागते आणि एकदा ती लिलावाला लागली की कोणत्या होडीची कोणती हे सांगणे कठीण होते, म्हणून सर्वेक्षकाला त्या अल्पशा अवधीतच तांडेलाला किंवा खलाशांना विचारून जाळे किती वेळा उपसले, किती खोलीवर होते, किती दिवसांची फेरी होती हे लिहावे लागते. मासळी किलोने नव्हे, टोपलीने सांगितली जाते, आणि टोपलीचे किलो करणे हा या साऱ्या साखळीतला सर्वांत नाजूक दुवा आहे. समजा, 48 होड्यांपैकी 12 तपासल्या आणि प्रत्येकीत सरासरी दहा टोपल्या निघाल्या. टोपली 30 किलोची धरली तर केंद्राचा त्या दिवसाचा अंदाज 14,400 किलो येतो, पण तीच टोपली 33 किलोची धरली तर तो 15,840 होतो. होड्या अधिक तपासल्याने ही चूक कमी होत नाही, कारण ती एकाच दिशेची आहे, आणि पुढे राज्याच्या व देशाच्या आकड्यांत ती तशीच चढत जाते. अधूनमधून टोपली काट्यावर चढवून पाहण्याचे साधे काम म्हणूनच कोणत्याही महागड्या यंत्रणेइतके मोलाचे आहे.

नावांचा प्रश्नही तितकाच खोल आहे. धक्क्यावर मोठ्या पापलेटला सरंगा म्हणतात, शास्त्रीय नोंदींत मात्र दोघांचे नाव एकच असते, आणि तेही स्थिर नाही: भारतीय पापलेट दीर्घकाळ ‘पँपस अर्जेंटियस’ म्हणून नोंदले गेले, तर अलीकडच्या अभ्यासांनी ते ‘पँपस कँडिडस’ असल्याचे दाखवले. जुनी आणि नवी नोंद एकाच माशाची आहे हे संगणकाला आपोआप कळत नाही. त्यासाठी मेटाडेटा, म्हणजे नोंद कोणी, कोठे, कोणत्या पद्धतीने व कोणत्या नावाखाली केली याची माहिती, मूळ आकड्याबरोबर जपावी लागते. माहिती शोधता यावी, मिळवता यावी, इतर माहितीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी ही चार तत्त्वे 2016 साली जागतिक पातळीवर मांडली गेली. त्यांतले जुळण्याचे तत्त्व सर्वांत अवघड आहे, आणि ते अखेरीस धक्क्यावरच्या नोंदीच्या काटेकोरपणावर अवलंबून राहते.

या आकड्यांचे परिणाम कागदावर थांबत नाहीत. महाराष्ट्र शासनाने 2023 साली 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला, तो केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रातील अभ्यासाच्या आधारे. ज्या होड्यांवर मोजमाप झाले, त्याच होड्यांना आता तो नियम लागू आहे. मासळीचे वार्षिक अंदाज मात्र प्रामुख्याने इंग्रजीत प्रसिद्ध होतात. आपल्या टोपल्या मोजू देणाऱ्या आणि प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या कोळी बांधवांचा या माहितीवर पहिला हक्क आहे, आणि म्हणून महाराष्ट्राचे आकडे, ते कसे काढले याच्या स्पष्टीकरणासह, दरवर्षी मराठीत मच्छीमार सहकारी सोसायट्यांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था संस्थांनी आणि शासनाने मिळून करावी.