कॅन्सर कसा होतो?

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. एका पेशीच्या दोन होतात, म्हणून जखम भरून येते. जखम भरली की वाढ थांबते. कॅन्सरमध्ये वाढ थांबतच नाही. मग गाठ होते.

हे कोंबडीमुळे कळले. अमेरिकेत पेटन राउस नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी एका कोंबडीच्या गाठीचा रस गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ आली! रसात विषाणू होता. हा शोध १९११ सालचा. त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले १९६६ साली. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते.

१९७६ साली बिशप आणि व्हार्मस यांना दिसले, की विषाणूतले गाठ करणारे जनुक मूळचे निरोगी कोंबडीच्याच पेशीतले आहे. पेशीला 'वाढ' म्हणून सांगायचे हे त्याचे काम. अशी जनुके माणसातही असतात. ती बिघडली की पेशी ऐकत नाही. तंबाखूने ती बिघडतात. माणसाला शिवल्याने कॅन्सर होत नाही.

माझी आजी मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मी तिला हे सांगितले. ती म्हणाली, "इतकी वर्षं लावते, मला काय झालंय?" मी म्हणालो, "आजी, आतलं बिघडलेलं डोळ्यांना दिसत नाही गं." ती काही बोलली नाही. डबी तिने परत कनवटीला खोचली.

मी रोज सांगणार आहे. तुम्हीही घरी सांगा.