निवृत्तीनंतर हाती पेन्सिल धरा

निवृत्त मंडळी दवाखान्यात येतात तेव्हा तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. झोप लागत नाही, जेवण गोड लागत नाही, डोके जड राहते. रक्तदाब, साखर तपासावी तर सारे ठीक निघते. पस्तीस वर्षे दहाच्या ठोक्याला कामावर जाणारा माणूस एकाएकी ओट्यावर बसून राहिला, की रिकामा दिवसच त्याला खायला उठतो.

अशांना मी चित्र काढायला सांगतो. "आम्हाला कुठे येते, डॉक्टर?" हे उत्तर ठरलेले. ठाण्याचे डॉ. सुधीर पटवर्धन १९७२ साली पुण्यातून एमबीबीएस झाले. चित्रकला ते स्वतःच शिकले. क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून तीस वर्षे काम करीत त्यांनी चित्रे काढली आणि २००५ पासून पूर्ण वेळ त्यालाच दिला. अमेरिकेतील ग्रँडमा मोझेस या शेतकरी बाईंना संधिवातामुळे सुई धरवेना, म्हणून त्यांनी सत्तरी उलटल्यावर ब्रश धरला. १९६१ साली वारल्या तेव्हा त्या १०१ वर्षांच्या होत्या.

पोखर्णीतले माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, पत्नी गेल्यावर बोलेनासे झाले होते. नातवाची रंगपेटी घेऊन ते रोज सकाळी नृसिंह मंदिराजवळ बसू लागले. येणारेजाणारे थांबून चित्र पाहत, चार शब्द बोलत. हळूहळू भूक आणि झोप सुधारली. पुढे त्यांना निळा आणि जांभळा रंग वेगळा ओळखता येईना. तपासणीत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेनंतर जुनी चित्रे पाहून म्हणाले, "आभाळ इतके मळकट मी रंगवले?"

सुरुवातीला पेन्सिल, साधा कागद आणि जलरंग पुरेत. घरातला तांब्या, दारातला निंब, जे दिसेल ते काढा. उजेड भरपूर हवा, पाठीला आधार हवा. वीस मिनिटांनी मान वर करून दूर पाहावे, बोटे मोकळी करावीत. बोटे आखडत असतील तर पेन्सिलीला कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी. ब्रश तोंडात घालू नये. तैलरंग व टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

हात स्वस्थ असतानाही थरथरू लागला, अक्षर बारीक होत गेले किंवा सरळ रेघ वाकडी दिसू लागली, तर वयाला दोष देऊन घरी बसू नका, तपासून घ्या. हातातली शक्ती अचानक गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

चालू गोळ्या चित्रांच्या भरवशावर बंद करू नयेत. उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपचार आहेत. आणि घरच्यांनो, आजोबांनी चित्र दाखवले तर हसू नका, जवळ बसून पाहा.