सुकाणूवरचा हात

2016 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात काही शाळकरी मुलं चार आठवडे एका गाडीच्या मागे लागली होती. गाडी खऱ्या मोटारीच्या एक दशांश आकाराची. आत ड्रायव्हर नाही, कुणाच्या हातात रिमोट नाही. एमआयटी आणि तिची लिंकन प्रयोगशाळा यांच्या ‘बीव्हर वर्क्स’ उन्हाळी वर्गात मुलांना दिलेलं काम होतं : हिला स्वतःहून चालायला शिकवा आणि शेवटी शर्यतीत उतरवा.

अशी गाडी बघते ती लेझरनं. लेझरचा किरण भिंतीवर आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. भिंत एक मीटरवर असेल, तर सेकंदाचे पंधरा कोटी भाग करा; त्यातल्या एकाच भागात किरण जाऊन परत आलेला असतो!

आता भिंतीपासून ठरावीक अंतर राखून चालायचं. सुचायला सोपा नियम असा : जितकं लांब गेलो, तितकं चाक भिंतीकडे वळवायचं, जवळ आलो तर उलट. नियम बरोबर वाटतो, पण गाडी झिंगल्यासारखी नागमोडी पळते. कारण ती योग्य अंतरावर पोचते तेव्हा तिचं नाक अजून भिंतीकडेच असतं, आणि ती पुढे निघून जाते.

मग गाडीला दुसरी गोष्ट शिकवावी लागते : चूक किती आहे एवढंच बघू नकोस, ती किती वेगानं कमी होतेय तेही बघ, आणि पोचण्याआधीच चाक सरळ करायला लाग. सायकल शिकलेल्या प्रत्येकाच्या हातांना हे माहीत असतं. तरीही चाक मुळातच किंचित वाकडं असेल, तर गाडी सतत थोडी एकाच बाजूला राहते. त्यासाठी तिसरी गोष्ट : मागच्या सगळ्या चुकांची बेरीज मनात ठेव.

या तीन गोष्टी संगणकाच्या जमान्यातल्या नाहीत. रशियात जन्मलेले अभियंते निकोलाय मिनॉर्स्की यांनी 1922 साली त्या गणितात मांडल्या, जहाजं आपोआप वळवण्यासाठी. सुकाणू धरणारे खलाशी आत्ताची चूक, मागची चूक आणि चूक बदलण्याचा वेग, तिन्ही लक्षात घेऊन हात हलवतात, हे त्यांनी हेरलं होतं. गाडीच्या स्टिअरिंगची रचना तर त्याहून जुनी. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवणाऱ्या या युक्तीचं पेटंट 1818 साली इंग्लंडमध्ये घोडागाडीसाठी घेतलं गेलं होतं!

पुढे कॅमेरा येतो, न्यूरल नेटवर्क येतं, गाडी समोरच्या वस्तू ओळखू लागते. तेही विलक्षणच. पण मला भिंतीचा धडा त्याहून मोठा वाटतो. शंभर वर्षांपूर्वीच्या खलाशाच्या हातातलं शहाणपण इथे आकड्यांत उतरतं, आणि त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे शाळेतलं मूल बोट ठेवून सांगू शकतं. चूक बदलण्याचा वेग म्हणजे लागोपाठच्या दोन मोजमापांची वजाबाकी. साठलेली चूक म्हणजे बेरीज. कशाला किती महत्त्व द्यायचं, तो गुणाकार. भिंतीच्या कडेनं सरळ धावणाऱ्या गाडीच्या डोक्यात याहून अवघड गणित नसतं.