लिनक्स आतून – भाग ७ : लोडरला बोलतं करा

मागच्या भागात ‘एलडीडी’ ही कमांड पाहिली. एखाद्या प्रोग्रामला कोणत्या लायब्ररी लागतात आणि या मशीनवर त्या कुठे सापडतात, याची यादी ती देते. पण लायब्ररी तिथेच का सापडली आणि त्याआधी कुठे कुठे शोधली, हे ती सांगत नाही. प्रत्यक्ष कामात गाडी अडते ती नेमकी इथेच. टेस्ट सर्व्हरवर सुरळीत चालणारा प्रोग्राम प्रॉडक्शनवर सुरू होताच कोसळतो. लायब्ररीचं नाव दोन्हीकडे एकच असतं, उचललेली फाइल मात्र वेगळी.

ती फाइल उचलणारा असतो डायनॅमिक लोडर. तुम्ही कमांड दिली की प्रोग्रामचं ‘मेन’ फंक्शन सुरू होण्याआधी हा लोडर चालतो. तो लायब्ररी शोधतो, मेमरीत आणतो आणि फंक्शनांचे पत्ते जोडून देतो. एरवी हे सगळं तो मुकाट्याने करतो, पण विचारलं तर प्रत्येक पाऊल सांगतो. विचारायचं कसं, हेही त्यालाच विचारता येतं. मला या सोयीचं फार मोल वाटतं, कारण मिळणारं उत्तर तुमच्याच मशीनवरच्या, तुमच्याच आवृत्तीच्या लोडरचं असतं. इंटरनेट नसलेल्या सर्व्हरवरही ते मिळतं.

टर्मिनल उघडा. कॅपिटल अक्षरांत ‘एलडी’, अंडरस्कोर, ‘डीबग’ टाइप करा. लगेच बरोबरचं चिन्ह, त्याला चिकटून छोट्या अक्षरांत ‘हेल्प’, मग एक स्पेस आणि ‘कॅट’. एंटर दाबलं की पर्यायांची यादी येते: लिब्ज, रीलॉक, फाइल्स, सिम्बॉल्स, बाइंडिंग्ज, व्हर्जन्स, स्कोप्स, ऑल, स्टॅटिस्टिक्स, अनयूज्ड आणि हेल्प. काही आवृत्त्यांत एखादा पर्याय जास्त दिसेल. प्रत्येकापुढे एका ओळीत त्याचं काम लिहिलेलं असतं. ‘कॅट’ मात्र चालतच नाही. लोडर यादी छापतो आणि तिथेच थांबतो.

‘कॅट’च्या जागी ‘एको’ लिहिलंत तर यादी येणार नाही. ‘एको’ बॅश शेलच्या पोटातच आहे. त्यासाठी नवा प्रोग्राम सुरू होत नाही, म्हणजे लोडरचा संबंधच येत नाही. आणि ‘एलडी_डीबग’ हे व्हेरिएबल कधीही एक्स्पोर्ट करू नका. ‘हेल्प’ किंमत देऊन एक्स्पोर्ट केलंत, तर त्यानंतर ‘एलएस’ म्हणा की ‘व्हीआय’ म्हणा, दर वेळी तीच यादी समोर येईल आणि काम होणार नाही. सुटका ‘अनसेट’ने होते, कारण तीही शेलच्या पोटातलीच कमांड आहे.

आता पर्याय कोणता घ्यायचा? अनेक जण घाईने ‘ऑल’ देतात आणि साध्या कमांडसाठीही हजारो ओळींच्या पुरात सापडतात. त्यातही ‘स्टॅटिस्टिक्स’ आणि ‘अनयूज्ड’ येत नाहीतच. ते वेगळे मागावे लागतात. माझ्या मते सुरुवात ‘लिब्ज’पासूनच करावी. बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं.

‘लिब्ज’च्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला प्रोसेसचा क्रमांक असतो. पुढे ‘फाइंड लायब्ररी’ म्हणून लायब्ररीचं नाव, त्याखाली शोधायच्या जागा आणि मग ‘ट्राइंग फाइल’ म्हणून एकेक पूर्ण पाथ. शोधाच्या जागेसमोर ती कुठून आली हेही लिहिलेलं असतं, आणि खरी मेख तिथे असते. समजा, कुणीतरी कधीकाळी लॉगिन स्क्रिप्टमध्ये ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ टाकून ठेवला आहे. त्याचा नंबर सिस्टिमच्या कॅशच्या आधी लागतो. मग ‘ऑप्ट’ फोल्डरमधली जुनी लायब्ररी आधी सापडते आणि लोडर तिथेच थांबतो. नवी फाइल जागेवर असूनही तिच्यापर्यंत तो पोचतच नाही. हे सगळं दोन-तीन ओळींत डोळ्यांसमोर येतं.

‘व्हर्जन्स’ कामी येतो तो नव्या मशीनवर बिल्ड केलेला प्रोग्राम जुन्या मशीनवर नेल्यावर. उबुंटू २२.०४ वर जीलिबसी (सिस्टिमची सी लायब्ररी) २.३५ आहे, २०.०४ वर २.३१. पहिल्यावर बांधलेला प्रोग्राम दुसऱ्यावर बहुधा ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ असं सांगून बंद पडतो. कोणती फाइल कुणाकडे कोणती आवृत्ती मागते आहे, हे ‘व्हर्जन्स’ ओळीओळीने दाखवतो. दोन लायब्ररींमध्ये एकाच नावाचं फंक्शन असेल आणि भलतंच चालत असेल, तर ‘बाइंडिंग्ज’ घ्या. कोणत्या फाइलमधलं नाव कोणत्या फाइलशी जोडलं गेलं, हे त्यात स्पष्ट येतं. एकाहून अधिक पर्याय स्वल्पविराम देऊन एकत्र मागता येतात. नाव चुकलं तर लोडर इशारा देतो आणि हेल्पकडे वळवतो.

मोठ्या प्रोग्रामचा तपशील स्क्रीनवर वाचणं कठीण. त्यासाठी ‘एलडी_डीबग_आउटपुट’ या व्हेरिएबलमध्ये फाइलचं नाव द्या. लोडर त्या नावापुढे टिंब आणि प्रोसेसचा क्रमांक जोडतो, त्यामुळे प्रोग्रामने पोटी दुसरे प्रोग्राम सुरू केले तरी प्रत्येकाची नोंद वेगळ्या फाइलमध्ये राहते.

सेट-यूआयडी प्रोग्रामबाबत, उदाहरणार्थ ‘सुडो’, लोडर सुरक्षेसाठी ‘एलडी_डीबग’ मनावर घेत नाही, आणि ते योग्यच आहे. स्टॅटिक बांधलेल्या प्रोग्रामला लोडर लागतच नाही. अल्पाइन लिनक्सवर जीलिबसीऐवजी ‘मसल’ असते, तिच्या लोडरमध्ये ही सोय नाही. अशा ठिकाणी कर्नलच्या दारात उभं राहून पाहावं लागतं. त्यासाठीचं साधन म्हणजे ‘एसट्रेस’, ते पुढच्या आठवड्यात.