सुरूच न होणारी आज्ञावली

डहाणू तालुक्यातील वरोर हे किनाऱ्यावरचे मच्छीमारांचे गाव. बोट समुद्रात निघायची तर डिझेल लागते, बर्फ लागतो, जाळी आणि खलाशी लागतात, तांडेल लागतो. यातले काही कमी पडले तर बोट निघत नाही, आणि का निघाली नाही हे किनाऱ्यावरचे शेंबडे पोरही सांगते. मात्र 'बर्फ नाही' हे उत्तर अर्धेच असते. बर्फ नाही, कारण कारखाना बंद होता. कारखाना बंद, कारण रात्री वीज गेली होती. बोटीपासून सुरुवात करून मागे मागे गेले की शेवटची कडी सापडते आणि दुरुस्ती तिथेच करावी लागते.

आता समजा, याच गावातील महाविद्यालयात जाणाऱ्या एका मुलीने प्रकल्प म्हणून रोजच्या मासळीची नोंद ठेवणारी वेब-प्रणाली जावा भाषेत लिहिली. संगणकाने तिच्या लिखाणात एकही चूक दाखवली नाही. उद्या परीक्षक येणार. तिने टॉमकॅट हा सर्व्हर सुरू केला आणि पडदा इंग्रजी ओळींनी भरून गेला. विचारायला जवळ कोणी नाही. अशा वेळी मुले बहुधा सगळे पुसून पुन्हा बसवतात, किंवा 'हे आपले काम नव्हे' म्हणून विषयच सोडून देतात. दुसरे नुकसान मोठे, आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

जावाची आज्ञावली म्हणजे 'क्लास' नावाच्या लहान लहान तुकड्यांची बांधणी असते. त्यांतले थोडे आपण लिहितो, बहुतेक इतरांनी लिहिलेले असतात व 'जार' नावाच्या गाठोड्यांतून आणले जातात. या उसनवारीला 'डिपेंडन्सी', म्हणजे अवलंबित्व म्हणतात. गंमत अशी की जावा हे तुकडे दोन वेगळ्या वेळी शोधते. एकदा आज्ञावलीचे भाषांतर, म्हणजे 'कंपाइल', होताना. आणि पुन्हा ती प्रत्यक्ष चालताना. दोन्ही वेळी शोधण्याची जागा एकच असेल असे नाही.

आमच्या अनुभवात सर्वांत जास्त मुले इथेच अडकतात. 'स्प्रिंग' ही 2004 साली पहिली पूर्ण आवृत्ती निघालेली, जावातील फार वापरली जाणारी चौकट. ती वापरताना 'क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन' असा संदेश येतो आणि पुढे 'कॉन्टेक्स्ट लोडर लिसनर' हे नाव दिसते. मुले म्हणतात, 'पण सर, ती जार तर मी घातली आहे!' घातली असते हे खरे, पण एक्लिप्स या संपादकाच्या कंपाइल करण्याच्या यादीत. टॉमकॅट त्या यादीकडे पाहत नाही. तो आपल्या प्रणालीच्या 'वेब-इन्फ' कप्प्यातील 'लिब' या जागी पाहतो. बर्फ घरी आणून ठेवला, बोटीत चढवलाच नाही, असा हा प्रकार. जार त्या 'लिब'मध्ये ठेवली, किंवा प्रकल्प मेव्हनचा असल्यास एक्लिप्सच्या 'डिप्लॉयमेंट असेंब्ली' या पानावर मेव्हनच्या डिपेंडन्सी जोडल्या, की काम होते. याच्या उलट चूकही होते. सर्व्हलेटची मूळ जार टॉमकॅटकडे आधीच असते, ती आपण पुन्हा पाठवायची नसते. म्हणूनच मेव्हनमध्ये तिच्यापुढे 'प्रोव्हायडेड' असे लिहितात.

कधी कधी टॉमकॅट एवढेच सांगतो की एक किंवा अधिक लिसनर सुरू झाले नाहीत, तपशील नोंदवहीत पाहा. तेव्हा 'लॉग्ज' कप्प्यातील 'लोकलहोस्ट' नावाची, त्या दिवसाच्या तारखेची फाइल उघडावी. तिथे शंभर ओळी असतील, पण सर्व वाचायच्या नसतात. स्प्रिंग सुरू होताना वस्तू एकमेकींच्या गरजेनुसार तयार करते: नोंदीच्या पानाला सेवा हवी, सेवेला भांडार हवे, भांडाराला डेटाबेसची जोडणी हवी. जोडणीचा परवलीचा शब्द चुकला तर वरच्या तिघीही कोसळतात आणि प्रत्येक जण आपापली तक्रार लिहितो. सर्वांत वर असते ती पानाची तक्रार, म्हणजे 'बोट निघाली नाही'. आपण 'कॉज्ड बाय' या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी शोधाव्यात आणि त्यांतली शेवटची आधी वाचावी. बहुतेक वेळा वीज गेल्याची बातमी तिथे असते.

'नो सच मेथड एरर' आला तर मात्र कारण निराळे. क्लास सापडला, पण वेगळ्या आवृत्तीचा. दोन गाठोड्यांनी एकाच तिसऱ्या गाठोड्याच्या दोन आवृत्त्या मागितल्या, तर मेव्हन आपल्या प्रकल्पापासून कमी पायऱ्यांवर असलेली निवडतो. पायऱ्या सारख्या असतील तर आधी लिहिलेली. नवी-जुनी हे तो पाहत नाही! 'एमव्हीएन', मग 'डिपेंडन्सी', विसर्गासारखी दोन टिंबे आणि 'ट्री' अशी आज्ञा दिली की कोण कोणाच्या हाताला धरून आले याचा पूर्ण वंशवृक्ष पडद्यावर उमटतो.

ग्रंथालयातील जुन्या पुस्तकावरून शिकणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. 2017 मध्ये ओरॅकल कंपनीने जावाचा वेबसाठीचा भाग एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचे ठरवले, पण 'जावाएक्स' हे नाव पुढे बदलांसह वापरू देण्यावर एकमत झाले नाही. त्यामुळे 2020 मध्ये त्या भागातील क्लासच्या नावांचा आरंभ 'जकार्ता' असा झाला. टॉमकॅट 9 ला जुनी नावे कळतात, टॉमकॅट 10 ला नवी. पुस्तकातला धडा अक्षरशः बरोबर उतरवूनही नव्या टॉमकॅटवर तो चालत नाही, आणि मुलीला वाटते की आपलेच चुकले. पुस्तक जुने असेल तर सरळ टॉमकॅट 9 बसवावे व स्प्रिंगही पाचव्या मालिकेतील घ्यावी. 2022 अखेरीस आलेल्या सहाव्या मालिकेला नवी नावे आणि किमान जावा 17 लागते. संदेशात 'क्लास फाइल व्हर्जन' 61 दिसले, तर आज्ञावली जावा 17 साठी बांधलेली आहे आणि चालवणारे जावा त्याहून जुने आहे असे समजावे. 52 म्हणजे जावा 8.

हा भाग शिकवताना शिक्षकांनी संगणक न उघडता पहिला तास घ्यावा. मुलांकडून फळ्यावर बोटीच्या गरजा बाणांनी काढून घ्याव्यात. मग एखादा खोडकर बाण आपण काढावा: डिझेल आणायला पैसे हवेत, पैसे मासळी विकून येणार, मासळी आणायला बोट हवी, आणि बोटीला डिझेल हवे. वर्ग हसतो, कारण ही अडचण बहुतेकांनी घरी पाहिलेली असते. स्प्रिंग बूटच्या 2.6 या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर 2021 पासून, असे वर्तुळ आढळले की आज्ञावली सुरूच होत नाही आणि संदेशात ते वर्तुळ रेषांनी काढून दाखवले जाते. पडद्यावरचे ते चित्र मुलांना फळ्याशेजारी ठेवून पाहू द्यावे.