शिडाच्या नौकेवरील झरोक्यांची डागडुजी

आमचें शेलू गांव समुद्रापासून बरेंच आंत, नेरळ व वांगणी या दोन स्टेशनांच्या मध्यें आहे. तेव्हां शिडाच्या नौकेशीं आम्हांस काय कर्तव्य, असें एखादे पालक सहज विचारतील. परंतु येथून वाहत जाणाऱ्या उल्हास नदीचें पाणी अखेर वसईच्या खाडीवाटे समुद्रासच मिळतें. आणि आषाढांत कौलांतून टपटपणाऱ्या थेंबाखालीं पातेलें ठेवण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांस हा विषय परका वाटूं नये. गळणें सर्वत्र सारखेंच. नौकेवरून मात्र उठून शेजाऱ्याच्या पडवींत जातां येत नाहीं.

गोव्यांत मांडवी नदींतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ‘म्हादेई’ नांवाची ५६ फूट लांबीची शिडाची नौका तयार झाली व २००९ सालीं ती भारतीय नौदलांत दाखल झाली. त्याच वर्षीं दिलीप दोंदे या नौदल अधिकाऱ्यांनीं तिच्यावरून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणेस प्रस्थान ठेविलें, व २०१० च्या मे महिन्यांत ते मुंबईस परतले. असें करणारे ते पहिले भारतीय होत. २०१२-१३ मध्यें अभिलाष टॉमी यांनीं वाटेंत कोठेंही न थांबतां तीच प्रदक्षिणा पुरी केली. पुढें त्याच कारखान्यांत ‘तारिणी’ बांधली गेली. तिच्यावरून २०१७-१८ सालीं सहा स्त्री अधिकाऱ्यांच्या तुकडीनें, व २०२४-२५ सालीं दिलना के. व रूपा ए. या दोघींनींच जगाची फेरी केली.

अशा नौका दक्षिण महासागरांतून जातात, तेव्हां लाट कित्येकदां सगळ्या डेकवरून वाहून जाते. डेकला उजेडावाऱ्यासाठीं जे झरोके ठेवलेले असतात, त्यांच्या झडपांस खलाशी ‘हॅच’ म्हणतात. त्या लाटेच्या व आंत निजलेल्या माणसाच्या मध्यें ही झडप तेवढीच असते. ती गळूं लागली कीं अंथरूण भिजतें, विजेच्या तारांस गंज चढतो, आणि ओल्या अंथरुणावर झोप न झालेला मनुष्य सुकाणूवर चुका करूं लागतो.

झडपेचे भाग तीन : ॲल्युमिनियमची चौकट, तींत बसविलेला ॲक्रिलिकचा पारदर्शक तक्ता, आणि झडप मिटल्यावर दाबली जाणारी रबराची पट्टी. पाणी नेमकें कोठून येतें हें आधीं ठरविलें पाहिजे, कारण थेंब जेथें पडतो तेथूनच पाणी शिरतें असें नाहीं. घराच्या वाशावरून जसा ओघळ दूर जाऊन टपकतो, तसेंच हें. शिवाय थंड रात्रीं श्वासांतील वाफ तक्त्याच्या आंतल्या बाजूस गोठून थेंब पडतात. तें गळणें नव्हेच. यासाठीं एकानें आंत बसावें व दुसऱ्यानें बाहेरून रबरी नळीनें पाणी सोडावें, पण खालून आरंभ करून हळूहळू वर जावें. वरूनच पाणी ओतलें तर सर्वच सांधे एकदम भिजतात व कांहींच कळत नाहीं. पट्टीच्या परीक्षेस शाळेंतला खडू पुरतो : चौकटीच्या कांठावर खडू फिरवून झडप मिटावी व उघडावी, पट्टीवर जेथें पांढरी रेघ उमटली नाहीं, तेथें ती नीट टेकत नाहीं. नवी पट्टी बसवितांना ती ताणूं नये. ताणलेलें रबर मागाहून आकसतें व सांध्याशीं फट पडते.

तक्ता व चौकट यांमधील सांधा कां सुटतो, हें विद्यार्थ्यांनीं गणितानें पाहावें. तपमान एक अंश सेल्सिअस वाढलें कीं ॲक्रिलिक एका मीटरमागें सुमारें ०.०७ मिलिमीटर वाढतें, व ॲल्युमिनियम सुमारें ०.०२३. तक्ता ६० सेंटिमीटरचा असून पहाटेपासून दुपारपर्यंत तपमान ४० अंशांनीं चढलें, तर तक्ता १.७ मिलिमीटर वाढेल व चौकट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् अधिक. म्हणजे दोहोंत रोज एक मिलिमीटरहून अधिक ओढाताण! सांध्यांतील लुकण कागदासारखें पातळ असेल, तर तें फाटणारच. म्हणून लुकणाचा थर दोन-तीन मिलिमीटर जाड व लवचिक असावा, आणि तक्ता इतका दाबूं नये कीं सर्व लुकण बाहेर यावें. पत्र्याच्या छपरांत पारदर्शक पत्रा घट्ट खिळे मारून बसविला कीं खिळ्यापाशीं तडकतो, तें पुष्कळदां याच कारणानें.

लुकण सिलिकोनचें, व तेंही शिरक्यासारखा आंबूस वास न येणारें घ्यावें. तो वास आम्लाचा, आणि आम्ल धातूस बाधतें. पॉलियुरेथेनचीं लुकणें लांकडास उत्तम, परंतु त्यांपैकीं पुष्कळ ॲक्रिलिकला मानवत नाहींत. जुनें लुकण कणभरही ठेवूं नये, कारण जुन्या सिलिकोनला नवें धरत नाहीं. हें खरवडण्याचें कामच सर्वांत कंटाळवाणें, आणि आमच्या मतें निम्में यश त्यांतच आहे. खरवडण्यास तक्त्यावर लांकडाची चपटी कामटी वापरावी. अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट लावूं नये, त्यानें तक्त्यास केंसासारख्या बारीक चिरा पडतात.

आतां धुरकटपणा. तो उन्हांतील अतिनील किरणांनीं व घासण्याच्या ओरखड्यांनीं येतो. दोष वरवरचा असेल तर ओल्या पॉलिशपेपरनें, ६०० नंबरापासून ८००, १२०० व २००० पर्यंत क्रमानें, प्रत्येक वेळीं आधीचे ओरखडे नाहींसे होईतों घासावें, व शेवटीं मऊ फडक्यानें पॉलिश करावें. नख फिरवून लागणाऱ्या, आंतवर गेलेल्या चिरा मात्र घासून जात नाहींत. तेथें तक्ता कमकुवत झालेला असतो. दूर समुद्रांत जाणाऱ्या नौकेवर असला तक्ता चमकवून पुन्हां बसविणें ही काटकसर नव्हे, तो बदलावाच.

सिलिकोन हवेंतील ओलाव्यानें घट्ट होतें, त्यास कांहीं दिवस द्यावे लागतात. तोंवर झडपेवर पाय देऊं नये. नंतर पुन्हां नळीची परीक्षा घ्यावी, आणि नौका बंदरांत उभी असतां झडपेवर जाड कापडाची खोळ घालावी, म्हणजे ऊन लागत नाहीं व तक्ता पुष्कळ वर्षें स्वच्छ राहतो.